गाठणारा

टाळणारा × ______
उत्तरसूचीत होतं : स्वीकारणारा.
सहावी ब मधल्या श्रावणी येमूलनं लिहिलं : गाठणारा.
मी लाल फुली मारली, पुढचा पेपर घेतला.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली,
अशोक चौकातून चालत,
सोलापूरच्या एप्रिलमध्ये, दुपारी दोनला.
खिडकीतून दिसली तेव्हाच मी शिपायाला म्हटलं,
सांग, बाई मीटिंगमध्ये आहेत.

ती व्हरांड्यात बसली.
पाचवा तास झाला. सहावा झाला.
सातव्याला मीच बाहेर गेले,
पाणी प्यायला म्हणून.

केसांत सुताचा भुगा.
चौघडी केलेला पेपर तिनं मांडीवर सरळ केला :
"कांडी भरताना धागा तुटते, बाई.
बघून न बघितल्यासारखं केलं
तर पुढं चादरीत दिसते.
म्हणून पोरीला सांगितले, टाळायचं नाही, गाठ मारायचं.
चुकलं असेल तर माझं चुकलं.
तिला कशाला फुली?"

माझ्याकडं लालच पेन होतं.
फुलीवरूनच बरोबरची खूण ओढली,
नीट उठली नाही,
गुंत्यासारखं काहीतरी झालं.
तिनं त्यावरून अंगठा फिरवून पाहिला,
पक्की बसली का, तसा.

शिपाई दारातच उभा होता,
आणखी कुणी आलं तर
काय सांगू, विचारत.