ओ

कोठीत, बटाट्यांच्या पोत्यांना टेकून
एक लॅपटॉप आहे. काच तडकलेली,
‘एन्ये’ची कळ उडालेली.
शाळेने मोडीत काढला, मी उचलून आणला.

त्यात आमच्या बेटाची वही:
मिचुन्येचं बियाणं कोणाकडे,
किडीला दाद न देणारा काळा वाण कोणाकडे,
शनिवारी अचावला कोणाची होडी.
सान्तियागोची कंपनी ही वही ठेवायला
महिन्याचं भाडं मागत होती. डॉलरमध्ये.
म्हटलं, कोठीत जागा आहे.

सुरुवातीला ते माझ्या देखत तेवढं चालायचं.
काळी खिडकी मिटली की प्राण गेला.
एकोणीस दिवस झाकण उघडं ठेवलं,
वर चिठ्ठी: हात लावू नये. नोल्फा.
विसाव्या दिवशी ओस्वाल्दोने
फुटबॉलचा निकाल बघितला.

पुन्ता अरेनासहून भाचा म्हणाला,
मावशी, त्याला तुझ्यापासून सोडव.
येर्को हे सहज बोलून गेला.
मी फोन कानाशी धरून बसले.

अकरा ओळींची फाइल.
तू कोण. कोणाच्या नावाने चालायचंस.
नेटवर्क उठल्यावर ऊठ, त्याआधी नाही.
पडलास तर पाच सेकंद थांब, पुन्हा ऊठ.
किती वेळा? मी विचारलं.
तिथे ‘नेहमी’ लिही, म्हणाला.
लिहिलं. इतकं कोणालाच
लिहून दिलं नव्हतं मी,
ओस्वाल्दोलासुद्धा.

उठलं नाही.
पत्त्यातली एक तिरकी रेघ राहिली होती.
सव्वीस वर्षं पोरांच्या वह्यांतले
सुटलेले टिंब शोधले,
स्वतःची रेघ सापडायला रात्रीचे दोन वाजले.

मग खिडकी मिटली. झाकण लावलं.
वर मिठाची बरणी ठेवली
आणि एर्मिंदाला झोपेतून उठवलं:
बघ गं, आहे का?
आहे की. का, काय झालं?
काही नाही, झोप.

ऑगस्टात वाऱ्याने खांब पाडले.
वीज परतली तेव्हा पहाटेचे पावणेचार.
मी बॅटरी घेऊन, एक मोजा घालून, कोठीत पोचले
तर ते माझ्याआधी उठलेलं,
आठ हजार ऐंशी नंबरच्या दाराशी
कान देऊन बसलेलं.
त्या वेळी कोणी हाक मारणार नव्हतं.
तरी.

आता मला कोणी बोलावत नाही.
पूर्वी होड्या थांबवून विचारायचे,
नोल्फा, बंद पडलंय, येतेस का?
बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

कास्त्रोच्या इस्पितळात, खुब्याच्या ऑपरेशननंतर,
झोप येईना म्हणून
नर्सच्या फोनवर उगाच विचारलं:
मिचुन्ये कोणाकडे आहे?

समुद्रापलीकडच्या अंधाऱ्या कोठीतून,
बरणीखालून,
लगेच ओ आली:
नोल्फा कार्कामो. दोन पोती.
घरी असते.