दाभण

कोपरखैरण्यात पिठाच्या गिरणीवर माझी खोली.
भिंतीवर माणसाचा नकाशा,
नद्या आहेत, गावं नाहीत.

हिंदुराव पहिल्यांदा आले
तेव्हा सुई बघून हसले.
"बाई, आम्ही दाभणानं गोणी शिवतो.
हा केस काय करणार?"
मानेवर तीस वर्षांच्या कांद्याचा घट्टा.
पहिली सुई वाकली.
दुसरी वाकली.
तिसरीला ते घोरायला लागले.

गुडघ्याखाली चार बोटांवर एक जागा आहे,
चिनी लोक तिला पायाचे तीन कोस म्हणतात.
तिथं टोचलं की दमलेला माणूस आणखी तेवढं चालतो म्हणे.
हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.
मार्केट एवढं लांब नाही,
आणि मुकादमाला कळलं असतं.

"ची म्हणजे काय गं?" मुलगा विचारायचा.
खाली गिरणी सुरू झाली
की फरशीतून तळव्याला कळतं ना,
तसलं काहीतरी.

सव्वीस वर्षं झाली.
आता माझीच बोटं थरथरतात.
पाटी काढायचं ठरवलंय, कुणाला बोलले नाही.
हिंदुराव येतात अजून,
पिशवीत कांदे, खांदा पुढे.
काल त्यांनी माझं मनगट धरलं,
शिवताना पोत्याचं तोंड धरतात तसं,
आणि म्हणाले,
हं, टोचा.