ताक, कण्या

ॲबरिस्टविथला, समुद्राच्या अंगाला,
बंद पडलेल्या लॉन्ड्रीच्या वर आमची खोली.
खिडकीच्या चौकटीत मीठ साचतं.
ग्वेनलियन सकाळी ते जुन्या बँक-कार्डाने खरवडते
आणि पाठ न वळवता विचारते, आज किती?
म्हणजे, आज किती चाचण्या पडल्या.

एक आज्ञा आहे, तीन अक्षरांची, वयाने माझ्याहून मोठी.
कुठलाही प्रोग्राम जन्माला घालण्याआधी
त्याच्या खिशात काय असावं ते ती ठरवते:
घर कुठे, भाषा कोणती, घड्याळ कुठल्या गावचं,
हाक आली तर कोणत्या रस्त्यांनी शोधायचं.
लेकरू तेवढं घेऊन निघतं.
पुढे त्याने खिशातलं काही बदललं
तर ते आईपर्यंत पोचत नाही. तशी सोयच नाही.
फोनवर आईला हे समजावलं तर म्हणाली,
ह्यात नवीन काय?

माझं काम: एकदा घालवलेली चूक
मागच्या दाराने परत आली का, ते बघायचं.
रोज.
ह्याला रिग्रेशन म्हणतात. आमच्याकडे म्हण आहे,
ये रे माझ्या मागल्या, ताक कण्या चांगल्या.
म्हणून जिथे सगळे फू आणि बार लिहितात
तिथे मी लिहिते ताक=कण्या.
ग्वेनलियनला वाटतं ही देवनागरीची परीक्षा आहे.
तीही आहेच.

सगळं नीट असेल तर पडद्यावर काहीच येत नाही.
ह्याची सवय व्हायला मला वर्ष लागलं.
आमच्या घरी कुणी गप्प असलं
म्हणजे काहीतरी बिनसलेलं असायचं.

सत्तेचाळीसावी चाचणी इद्रिस प्यूची.
मी यायच्या आधीच तो गेला; त्याची खुर्ची आहे, चाक मोडलेली.
खिशात एकच नाव दोनदा घालायचं,
मग म्हणायचं, हे नाव काढ.
दोन्ही जायला हवीत.
वर त्याची टीप: मूर्खपणाचं दिसतं. काढू नका.

मी काढली.
एकच नाव दोनदा कोण देईल?
आणि शोधणारी फेरीही आखूड केली:
सापडलं, उचललं, थांबलं. वेळ वाचला.

आठ महिन्यांनी प्वल्हेलीहून एम्रिस बेबचा फोन.
बंदरावरच्या भरती-ओहोटीच्या फलकाचं घड्याळ
कुणीतरी दोनदा लिहिलं होतं, हिवाळ्याचं एक, उन्हाळ्याचं एक.
वरचं काढलं,
तर खालचं निमूट वर आलं.
एक तास. एवढाच फरक.
बोट सहा तास चिखलात, वर बेब, डबा संपलेला,
आणि धक्क्यावर पोरं हसतायत.

एकच नाव दोनदा कोण देईल,
असं मी विचारावं?
कौन्सिलची पत्रं मला अजून दोन आडनावांनी येतात.
एक मी वकिलाला पैसे मोजून काढलं.
त्याच्या खालून वडिलांचं वर आलं.
तेही मला कुणी विचारून दिलं नव्हतं.

फेरी पुन्हा लांब केली, शेवटच्या घरापर्यंत.
सत्तेचाळीसावी परत ठेवली, तिच्या जुन्याच जागी.
इद्रिसच्या टिपेखाली एक ओळ वाढवली:
काढून पाहिली. बोट चिखलात बसली.

चालवली. पडदा गप्प.
ग्वेनलियनला म्हटलं, शून्य.
ती बोटावरचं मीठ चाटत म्हणाली, चहा टाक.

बदल जमा करताना लिहिणाऱ्याचं नाव
यंत्र आपलं आपण खिशातून काढतं.
ते आलं जुनंच,
लग्नातलं,
मी स्वतःच्या हाताने पुसलेलं.
दुसऱ्यांदा कुठे लिहिलं होतं, आठवेना.
पाणी उकळलं होतं. मी उठले.