जावक क्रमांक

एकतीस वर्षं मी जावक बारनिशी सांभाळली,
परभणीच्या विक्रीकर कार्यालयात, जिन्याखालच्या टेबलावर.
माझ्या वहीत चढल्याशिवाय
एक चिठोरं त्या इमारतीबाहेर पडलं नाही.
हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी घाबरलो.

एप्रिल. अकरा वाजून दहा मिनिटं.
शेंगा फोडत बसलो होतो.
इन्कम टॅक्स से बोल रहा हूँ, म्हणाला,
मागे टायपिंगची खडखड,
जणू अजून कुणी टाइपरायटर वापरतं.
माझं नाव त्यानं बापाच्या नावासकट घेतलं.
पॅन नंबर सांगितला. तंतोतंत.
एखादं अक्षर चुकला असता तर बरं झालं असतं.

वॉरंट निघालंय.
दोन तासांत त्र्याऐंशी हजार.
फोन ठेवायचा नाही. घरात बोलायचं नाही. गोपनीय आहे.

आता खरं सांगतो.
माझी एक ठेव आहे पतसंस्थेत,
तिचं व्याज मी दोन वर्षं रिटर्नमध्ये दाखवलं नाही.
अकरा हजार काहीतरी.
त्याला हे ठाऊक नव्हतं. मला होतं.
तो दगड हवेत मारत होता
आणि लागत होता बरोबर तिथंच.
हात फोलपटांत तसाच राहिला.

तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली, नळ आला!
दहाव्या दिवशी.
पदमिन न्हाणीतून ओरडली, मोटर लावा, बसलात काय!
उठलो.
तो गरजला, हिलना मत.

हिलना मत?
अहो, खातं मी आतून पाहिलंय.
खातं कुणाला हलू नको म्हणत नाही,
ते स्वतःच हलत नाही.
पंधरा दिवसांची मुदत देतं,
मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र,
मग फाइल कपाटामागे पडते
आणि उंदीर तिच्या कडा खातात.
आणि गोपनीय?
गोपनीय लखोट्यातलं
साहेबांआधी चहावाल्या पोराला कळायचं.

पाइप ड्रममध्ये सोडला आणि विचारलं,
साहेब, पत्राचा जावक क्रमांक काय?
क्या?
जावक क्रमांक. दिनांक. कुणाच्या सहीनं निघालं?
पाण्याचा आवाज तेवढा.
मग त्यानं आईवरून शिवी दिली,
दिवसभरातलं त्याचं तेवढंच बोलणं खरं.
मी फोन ठेवला.
पाय मात्र ड्रम भरेपर्यंत कापत होते.

दुपारी वसमत रोडला, नईमोद्दीनच्या दुकानी.
त्यानं पोर्टल उघडलं. माझ्या नावावर काही नाही.
चाचा, आता प्रत्येक नोटिशीवर नंबर असतो,
इथं टाकला की खरी-खोटी कळते.
म्हणजे जावक क्रमांकच की, म्हणालो.
एकोणीसशे तीसला फोन लावून
त्यानं माझ्याकडून तक्रार देववली.
व्याजाचंही सांगून टाकलं, मान खाली घालून.
भरून टाकू, म्हणाला, आणि चहा मागवला.

रात्री तातेरावला फोन केला, मानवतला.
शेजारच्या टेबलावर आवक त्याच्याकडे असायची.
रंगवून सांगितलं, उंदीर, चहावाला, पाइप, सगळं.
तो हसला नाही.
पंख्याची घरघर ऐकू येत राहिली.
मग म्हणाला,
मला पोळ्याच्या दिवशी आला होता.
मी नाही विचारला नंबर.
किती?
एक लाख चाळीस. सुनेलाही माहीत नाही.
आवकवाला ना मी,
आलं ते घेतलं.

सकाळच्या फोनची नोंद मी एका जुन्या वहीत केली होती,
वेळ, नंबर, विषय. शेऱ्याचा रकाना कोरा.
तिच्याखाली रेघ ओढली.
एकतीस वर्षांत मागच्या तारखेची नोंद
मी कुणाला करू दिली नाही, साहेबांनाही नाही.
पेनाचं टोपण काढलं.
सांग, तातेराव.
पोळ्याला, किती वाजता?