चौथं बटण

संकट फाशावर सोडायचं नाही, हा माझा पहिला नियम.
दुष्काळ पडला की खेळाडूनं कपाळावर हात मारून घ्यावा:
सांगत होते की मला!
म्हणून साठाव्या फेरीला दुष्काळ हवा असेल
तर बेचाळिसाव्या फेरीला मिठाचा भाव एका दमडीनं चढतो,
पन्नासाव्या फेरीला उंदीर कोठार सोडून बांधावर दिसतात,
आणि छपन्नाव्या फेरीला एक गाव लग्नं पुढं ढकलतं.
कॅलम म्हणतो, लग्नांचं कुणाच्या लक्षात येणार?
मी म्हणते, ज्याच्या येणार नाही, त्याच्यासाठीच तर दुष्काळ.

डंडीत, जुन्या तागाच्या गोदामात आमचं ऑफिस.
तिसरा मजला. खिडकी नीट बंद होत नाही.
समुद्राकडून धुकं आत घुसतं तेव्हा टे नदीवरचा पूल
मधेच संपतो, आणि आगगाडी तरीही त्यावर जाते.
आमच्या नकाशावरही असंच.
काळं म्हणजे न पाहिलेलं.
करडं म्हणजे पाहिलेलं, पण आता तिथं आपलं कुणी नाही.
करड्यात गावं तशीच उभी राहतात, शेवटची पाहिली तशी,
मागे जळून गेली असली तरी.
हे लिहून झालं त्या रात्री मी आईला फोन केला.
काम काही नव्हतं.

गुरुवारी चाचणीला लोक येतात. दहा पौंड आणि चहा.
पोरं घोडेस्वार उधळतात, नकाशा सोलून काढतात संत्र्यासारखा.
नेटा गेडिस, वय अठ्ठ्याहत्तर, यांनी स्वार पाठवलेच नाहीत.
ओट पेरले. कोठार बांधलं. आणखी एक कोठार.
मिठाचा भाव चढलेला त्यांना एकट्यांना दिसला.
साठावी फेरी आली, दुष्काळ आला,
त्यांच्या वेशीवर जरा थांबला आणि पुढं गेला.
चहूकडं काळं, मधे पोस्टाच्या तिकिटाएवढं गाव.
कॅलम माझ्या कानाशी: डिझाइन फसलं.

'पलीकडं काय आहे, बघावंसं नाही वाटत?'
'माझे काका गेले होते बघायला,' त्या म्हणाल्या,
'दक्षिणेला, देवमाशांमागं. दोन पत्रं आली.
दुसऱ्यात नुसते पैसे.
या मेंढ्या लोकर कधी देतात गं?'

मग मी, खरं सांगायचं तर चिडून,
एक शीड सोडलं त्यांच्याकडं.
त्र्याऐंशीवी फेरी. काळ्यातून पांढरा ठिपका.
शोध म्हणजे जाणं, असंच मी धरून चालले होते.
ज्याच्या दारात कुणी येऊन उभं राहतं, त्याची ओळ
दुसऱ्याच तक्त्यात होती. संकटांच्या.
टोळधाड, महापूर, त्याखाली.

पडद्यावर तीन बटणं: लढा. व्यापार करा. शरण जा.
नेटाबाईंनी माउसवरचा हात काढला, चष्मा पुसला.
'आणि तुम्ही कोण, कुठले, हे विचारायचं?'

बारा वर्षं मी हे काम करते.
कोण गावचं पाव्हणं, हे वाक्य
बोलता यायच्या आधीपासून माझ्या कानात आहे.
बटण नव्हतं.

शुक्रवारी केलं. किंमत: एक पोतं धान्य.
परिणाम: दोन्हीकडचं धुकं एकेक घर मागं.
कॅलमनं मान हलवली, मग बोट ठेवलं
एका रिकाम्या चौकटीवर. 'आणि रोग?'
खरंच होतं. पाहुणा आत आला
की त्याच्या पांघरुणातलंही आत येतं.
इतिहासाचा खेळ आहे, नाही कसं म्हणू.
आकडा टाकला, तीन टक्के. खोडला. सात.
इशारा काय द्यायचा, मिठाच्या भावासारखा,
ते अजून सुचलेलं नाही.
तूर्त एक खोकला ठेवलाय, शीड उतरवताना,
हळू, आवाज वाढवला तरच ऐकू येईल असा.

गुरुवारी नेटाबाई येतील.
येताना शॉर्टब्रेड आणते म्हणाल्यात, सगळ्यांना.