तपासनीस

एकोणतीस वर्षं मी नोटा तपासल्या
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, उंच भिंतीआड.
ओल्या शाईचा वास, तावामागून ताव,
रेघ सरकलीय का, आकडा पुसटलाय का.
एखादी चूक नजरेतून सुटेल
या भीतीचाच मला पगार होता.

म्हणून घरी कधी सुरू झालं, नक्की सांगता येत नाही.
गॅसचं बटण आधी एकदा बघायचो.
मग तीनदा. मग तीन वेळा तीनदा.
जेलरोडवरून बिटकोला पोचलो की
बोटं विचारायची, खरंच बंद होतं?
मी रिक्षा वळवायला सांगायचो.
दिसायचं ना, बंद आहे ते.
डोळ्यांची साक्ष मन नोंदवूनच घेत नव्हतं.
मग साबण आला. हाताची सालं निघाली.

पुष्पलता नवी साडी नेसून दारात उभी,
तिकडे भाचीच्या अक्षता पडून गेलेल्या.
"झालं का हो?" विचारायची.
पुढे तेही थांबलं.
मी बटणापाशी गेलो की तीच मोठ्याने म्हणायची
बंद आहे, बंद आहे, बंद आहे,
तेवढ्यावर माझी दहा मिनिटं निभायची.

मेव्हण्याने त्र्यंबकची तारीख काढून आणली.
सगळा देश येतो आमच्या जिल्ह्यात
पितर नि ग्रह शांत करून घ्यायला,
मी तर तासाभरावरचा.
गुरुजी म्हणाले, तीनदा आचमन करा.
मी सात वेळा केलं,
तरी पहिलं नीट झालं नव्हतं.

सापडलो शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे.
मलम लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं,
दिवसातून किती वेळा धुता?
एकशे बारा, मी म्हणालो.
त्यांचं पेन थांबलं.
दुसऱ्या चिठ्ठीवर दुसरं नाव लिहिलं.

गंगापूर रोड. पाटीवर 'मनोविकार'.
ओळखीचं कोणी नाही ना, हे दोनदा बघून आत गेलो.
डॉ. निकुंभ बाईंनी घाई केली नाही.
झोप कशी, भूक कशी, यात दिवसाचे किती तास जातात,
घरात आणखी कोणाला, रक्त कधी तपासलंय.
मग : नाही बघितलं बटण, तर काय होईल?
हे कोणी विचारलंच नव्हतं.
घर पेटेल, म्हणालो. आत ही असेल.
माझ्या हातून.
बाई दचकल्या नाहीत. लिहीत राहिल्या.

मंत्रचळ, त्या म्हणाल्या.
आमच्या गल्लीत सोवळ्याच्या काकूंना
हसत हसत लावायचो तो शब्द.
त्यांच्या तोंडी तो मधुमेहासारखा वाटला,
ज्याचा कागद होतो, फाईल होते,
आणि पुढची तारीख मिळते.

गोळ्यांनी पंधरा दिवस नुसती मळमळ.
घेतली की नाही, म्हणून पाकिटातले खळगे मोजायचो.
सहा-आठ आठवडे तरी लागतील, बाईंनी बजावलं होतं.
सातव्यात एकदा आंघोळ लवकर उरकली
आणि पुढे काय करायचं ते सुचेना.

बाकीचं काम त्यांच्याकडच्या चेतन बोराडेचं.
पोरगा माझ्या मुलाहून लहान.
एकदाच बघायचं, बाहेर पडायचं,
बिटकोच्या बाकावर बसून वहीत भीतीचा आकडा लिहायचा.
नव्वद. नव्वद. पंच्याण्णव.
पळायचं नाही.
पाऊण तासाने साठ,
कशामुळे उतरली, तर कशामुळेच नाही.

पुष्पालाही उपचार होता, गोळीविना :
मी विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही.
पहिल्या दिवशी ती मोरीत जाऊन रडली.
इतक्या वर्षांची तिची माया
अशी चुकीच्या खात्यात गेलेली.

बरा झालोय म्हणत नाही.
आज एकदा बघितलं, परवा चारदा,
प्रेसचा भोंगा झाला की हात अजून शिवशिवतात.
काल तपासणीला निघालो. द्वारकेला बस अडकली,
भीती ऐंशीवर. मी म्हणालो, अगं, बंद होतं ना?
ती बाहेर बघत राहिली.
ओठ हलले तिचे, आवाज नाही.
मग उठली, आणि मला
खिडकीची जागा दिली.