उपसा

इंजिन आधी दहा मिनिटं चालू ठेवायचं.
ग्वाल्हेरच्या जानेवारीत ऑइलची काकवी होते,
थंड ओढलं तर नळीतच बसून राहतं, हट्टी.
धुकं किल्ल्यावरून उतरून कंपूपर्यंत आलंय.
मी शाल कमरेला खोचून, बॉनेट उघडून
गाडीला ताप चढायची वाट बघते.
चौतीस वर्षं उतरायची बघितली.

हुजरात पुलाजवळच्या नब्बूने
मागच्या वेळी खालचा बोल्ट पान्यावर उभा राहून आवळला.
कडा गेल्या. मग म्हणाला,
अम्मा, अब ये नहीं खुलेगा, चेंबर बदलवा लो.
मी चेंबर नाही बदलला. हा पंप मागवला.
एक डबा, वर दांडा, जाड-बारीक चार नळ्या.
शेजारचे तोमर फाटकावरून म्हणाले,
मच्छर मारनेवाला है क्या?

डिपस्टिक काढली, पुसली,
नळीच्या शेजारी धरून चिकटपट्टीने खूण केली.
रायल्स ट्यूब अशीच मापायची,
नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत,
तिथून खाली पोटापर्यंत.
वॉर्डातली तोंडं आता आठवत नाहीत.
माप आठवतं.

नळी तळाला टेकली की अर्धं बोट वर घ्यायची.
टोक भिंतीला चिकटलं तर कितीही ओढा, काही येत नाही.
नाइट ड्यूटीच्या प्रत्येक नव्या पोरीला सांगायचे,
जोर नको लावूस गं, जागा दे.
त्या म्हणायच्या, हो सिस्टर खानवलकर,
आणि जोर लावायच्या.

पंधरा वेळा दांडा खाली-वर,
मग हात सोडून उभं राहायचं.
डब्यातली पोकळी आपलं आपण ओढते.
घरातही आहे तेवढी,
तिला दांडा नाही.

आधी बुडबुडे. मग काळी धार,
नळीत उन्हापाशी कडेला तपकिरी.
बोटांत चोळून पाहिलं : कण नाहीत.
वास घेतला : जळकट नाही.
शेवटी ती घरघर,
जी ऐकली की आपोआप मान वळते
खाटेकडे.
खाट नाही. पेरूचं झाड, तोमरांची भिंत.

वही उघडली.
एकसष्ट हजार चारशे किलोमीटर.
इनटेक, गेल्या वर्षीचा : दोन लिटर सातशे.
आउटपुट : दोन लिटर चारशे.
तीनशे मिली कुठे गेलं?

थोडं जळलं असेल.
थोडं खाली, जिथं नळी पोचत नाही
अशा एखाद्या खळगीत बसलं असेल.
आमच्या मेट्रनबाईंना हे "असेल" चालत नसे.

एकदा, पहाटे साडेचारला,
अकरा नंबरच्या खाटेचा हिशेब जुळेना.
पिशवी मी रिकामी केली होती आणि मोजली नव्हती.
आकडा बसवला. सुंदर अक्षरात.
मेट्रनबाईंनी खाली सही केली.
तो माणूस बरा होऊन भिंडला गेला,
जाताना रुमालात बांधून तीन पेरू देऊन गेला.
पेरू गोड होते.
मी आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाही.

आता सही करणारं कुणी नाही.
लिहिलं : फरक तीनशे. कारण माहीत नाही.

नवं ऑइल मधासारखं उतरलं.
पाच मिनिटं थांबून डिपस्टिक पाहिली,
दोन खुणांच्या मधोमध.
मधोमध म्हणजे ठीक. वॉर्डातही तसंच.

जुनं कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून
नब्बूच्या पिंपात ओतायला निघाले.
कोपऱ्यावरचे लोक सरळ स्वर्णरेखेत ओततात.
नाव किती छान ठेवलंय त्या नाल्याचं.

नब्बूने कॅन हलवून पाहिला.
मशीन से निकाला? पूरा निकल गया, अम्मा?
नहीं, म्हटलं. तीन सौ बाकी है.
तो हसला. अंदर ही होगा, कहाँ जाएगा.
म्हटलं, होगा.
लिख रखा है.